वारुळावरच्या सात अळंब्या

चाकण, मंगळवार, २० ऑगस्ट १९७४

पुण्याहून शास्त्रज्ञांचं पत्र आलं. गेल्या वर्षी मी पाठवलेली अळंबी त्यांच्या कुठल्याच यादीत नाही. ‘तिथे कुणाला हात लावू देऊ नका. किती शिल्लक आहेत, कळवा.’

कुणाला! बाकीची वारुळं कंपनीच्या शेडखाली गेली. उरलेल्या एका वारुळावर सात होत्या, त्या मीच उपटल्या. शेताच्या मालकीणबाई सखूबाई कळवळून म्हणाल्या होत्या, “गुरुजी, समद्या नगा काढू. दोन ऱ्हाऊ द्या बियाला.” मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर ना! हसलो. वर अळंबीला बी नसतं, हे त्यांनाच शिकवलं.

संध्याकाळी वारुळापाशी जाऊन आलो. यंदा एकही नाही. दोन ठेवल्या असत्या तर? सखूबाई समोरच खुरपत होत्या. मान वर केली नाही.

आता उत्तर काय लिहू? सहा शिल्लक आहेत. माझ्या कपाटात, बाटलीत.