चौथी खुर्ची

मी, शांतवन भाऊराव साळवे, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. तब्येत ठणठणीत आहे. मरणाची भीती नाही. ज्याच्याकडे जायचे त्याला मी पाहिलेले नाही, पण ओळखतो.

१. राहते घर माझा एकुलता एक मुलगा योनाथान याला मिळावे. तो नागपूरला असतो. त्याने घर ठेवावे किंवा विकावे, माझी अट नाही.

२. बँकेतली शिल्लक त्यालाच. माझी शवपेटी मात्र विकत आणू नये. कडुनिंबाच्या फळ्या माळ्यावर तयार आहेत.

३. सर्व हत्यारे शेजारचे शालिग्राम सुतार यांना द्यावीत. त्यांनी नेलेली मोठी पटाशीही आता त्यांचीच समजावी. नाहीतरी एकेक करून बाकीचीही नेलीच असती.

४. आमच्या चर्चच्या पंचांनी माझे सागवानी व्यासपीठ नाकारून प्लायवूडचे आणले, त्याबद्दल मी त्यांना क्षमा केली आहे. त्या प्लायवूडला वाळवी लागली, एवढे नमूद करतो.

५. जेवणाचे टेबल. आम्ही घरात तिघे असताना माझी पत्नी सुवार्ता हिने मला चौथी खुर्ची करायला लावली. प्रभू रोज आपल्याकडे जेवायला असतो, असे ती मानत असे. त्याचे ताट ती आधी वाढायची, आणि दारात कोणी भुकेला आला की ते ताट त्याचे.

माझा धाकटा भाऊ जानराव बौद्ध आहे. मी लग्नाआधी ख्रिस्ती झालो. तो दर रविवारी लोणारहून येतो. ती खुर्ची पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाला, "दादा, जो दिसत नाई त्याले खुर्ची काऊन पाह्यजे?" सुवार्ता म्हणाली, "भाऊजी, तुम्हीपण आठवडाभर दिसत नाही. तरी तुमची भाकर होतेच ना?" जानराव हसून जेवायला बसला.

सुवार्ता गेली त्या दिवशी योनाथान टेबलावरून उठला. "एवढ्या प्रार्थना केल्या, कोणी ऐकलं? इथं मी पुन्हा जेवणार नाई." तेव्हापासून आला तरी तो स्टँडजवळच्या हॉटेलात जेवतो. मला ते फार लागते.

योनाथान, माझ्या दफनानंतर या टेबलावर एकदा जेव. विश्वास ठेवलाच पाहिजे असे नाही. काकाला आईच्या खुर्चीवर बसव, चौथ्या खुर्चीपुढे आधी वाढ, मग तू घे.

६. जानरावला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. तो म्हणाला, "मले काय पाह्यजे? रविवारचं जेवण भेटते."

मागच्या रविवारी त्यानेच विचारले, "दादा, आता रिकाम्या खुर्च्यांपुढं दोन दोन ताटं काऊन वाढून राह्यला?" मी म्हणालो, "एक रोज येतो. दुसरा येऊन राह्यला."

स्थळ: मेहकर. रविवार, १२ जानेवारी २०२५.
सही: शांतवन भाऊराव साळवे

साक्षीदार:
१. वासंती सुधाकर देशमुख, निवृत्त शिक्षिका, मेहकर
२. जानराव भाऊराव साळवे, लोणार. दादानं माह्यासमोर सही केली, हे म्या डोयानं पाह्यलं. टेबलावर चार ताटं होते. योनाथानचं म्या वाढलं.