घ्यायला कुणी आलं नाही

एडिसन, न्यू जर्सी
२० मार्च १९९७

प्रिय गिरजा मावशी,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं, पण गोळ्या बंद करू नकोस. हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. प्रसन्न नावाचा आमच्या ऑफिसातला मुलगा उद्या नागपूरला निघतोय, तो घरी आणून देईल. त्याला चहा दे, आणि तो गेल्यावर पत्र फोड. बसून वाच.

माझं ठीक चाललंय. पार्किंगच्या कडेला साचलेला बर्फ अजून वितळला नाही, काळा पडलाय. ओक ट्री रोडवर तूरडाळ मिळते, पण ती शिजता शिजत नाही.

काम काय करतेस, असं तू विचारलं होतंस. शंभर वर्षांपूर्वी लोक युरोपातून बोटींनी इकडे यायचे. प्रत्येक बोटीवर उतारूंची यादी असायची: नाव, वय, धंदा, कुणाकडे चालला. त्या याद्यांच्या फिल्मवरून मुली कॉम्प्युटरमध्ये नावं भरतात आणि मी ती तपासते. जुनं अक्षर लागत नाही, डोळे दुखतात. पण मन लागतं. एकेका पानावर आख्खं गाव असतं.

आणि रविवारी आयसेलिनला आईकडे जाते. म्हणजे जायचे.

तुला वाटत असेल, आई मला जवळ घेते, दोघी मिळून रडतो. तसं तू प्रत्येक पत्रात विचारतेस आणि मी उत्तर टाळते. पहिल्याच दिवशी, मी आत शिरायच्या आधी, दारातच ती हळूच म्हणाली होती, "सुभाषना तू ताईची मुलगी म्हणून माहीत आहेस. तसंच राहू दे." मी हो म्हणाले. वर्ष होत आलं, त्या घरात मी तिला मावशी म्हणते आणि तुला आई. जीभ सुरुवातीला अडखळायची. नंतर सवय झाली.

सुभाष काका चांगले आहेत. तू मला लहानपणापासून सांगत आलीस, की दुसऱ्या नवऱ्याला पहिलं मूल नको होतं म्हणून आईला, तुझ्या शोभनाला, मला तुझ्याकडे ठेवून जावं लागलं. त्यामुळे मी त्यांच्याविषयी मनात राग घेऊन गेले होते. तो फार दिवस टिकला नाही. मला बसस्टॉपवर सोडायला ते स्वतः येतात, डबा द्यायला विसरत नाहीत. मैत्री चौदा वर्षांची आहे, तिचं नाक माझ्यासारखं आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. मला सुनेत्राताई म्हणते.

तिला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: बोटीनं आलेला एखादा माणूस निवडा आणि त्याच्याविषयी लिहा. तिनं माझ्यामागे लकडा लावला. मी तिला ऑफिसात त्या याद्यांची फिल्म बघायला घेऊन गेले. शेतकरी, शिंपी, मोलकरणी असं बघत बघत ती एका पोरीपाशी थांबली. रोझालिया, वय नऊ. १८९६ साली ब्रेमेनहून एकटी आलेली. आई पेनसिल्व्हेनियात, दुसरं लग्न केलेली, तिच्याकडे चाललेली. पुढे कारकुनानं लिहिलं होतं: आईला तार केली. घ्यायला कुणी आलं नाही. त्याच बोटीनं परत.

मी म्हटलं, दुसरं कुणीतरी घे. मैत्री म्हणाली, "नो. आय वाँट हर."

परवाच्या रविवारी जेवताना तिनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आई वरण वाढत होती. वाचून झाल्यावर मैत्रीनं तिलाच विचारलं, "मॉम, व्हॉट काइंड ऑफ मदर डज दॅट?"

आई म्हणाली, "असेल काही अडचण. जेव आता."

"कसली अडचण? शी वॉज नाइन."

काकांना वाटलं असावं, आईला लागलं. ते मैत्रीला म्हणाले, "हळू बोल बेटा. तुला सांगितलं नाही कधी. मॉमची पहिली मुलगी गेलीय. माझ्याशी लग्न व्हायच्या आधी, तापानं. म्हणून तिला असलं ऐकवत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला माहीतच असेल. तुझ्या आईनंच सगळं केलं होतं तेव्हा. ती असती तर मी आनंदानं इकडे आणली असती. मैत्री किती उशिरा झाली आम्हाला. घरात एक मोठी मुलगी असती."

मावशी, माझ्या हातात घास होता. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, वरणाची पळी भांड्यात ठेवत होती.

मैत्रीचा आवाज खाली आला. "व्हॉट वॉज हर नेम?"

आई म्हणाली, "ठेवलंच नव्हतं." आणि माझ्या ताटात भात वाढला.

तेव्हा मी बोलले. "माझीपण आई गेली, काका."

मी ते तिच्याविषयी बोलले होते, तिच्या तोंडावर. तिला कळावं म्हणून. पण काकांचा हात थांबला. "काय? गिरजाताई? कधी?" आणि आईच्या हातातून भाताचं पातेलं टेबलावर आपटलं. तिला वाटलं, तू.

मला तिथंच सांगता आलं असतं. काकांनी पुन्हा विचारलं, कधी, आणि माझ्या तोंडून निघालं, "जानेवारीत. मला सांगवलं नाही."

मी तुला मारून टाकलं, मावशी. हे लिहायला तीन पानं लागली.

ती तिथंच खाली बसली. फरशीवर, पाय पसरून, आपल्या इंदोऱ्यातल्या बायका मयतीत बसतात तशी. ताई, ताई म्हणून रडली. मैत्री घाबरली. काका पाणी आणायला धावले. मी बघत बसले. पोरगी मेली हे सांगताना तिचा आवाज हलला नव्हता, आणि तुझ्यासाठी तिला श्वास सापडत नव्हता. मला बरं वाटत होतं. आणखी रडावं असं वाटत होतं.

नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. तिनं माझा हात धरला. वर्षात पहिल्यांदा. म्हणाली, "आता तुला कुणी नाही गं."

मी म्हणाले, "नाही."

आणि थांबले. मला वाटलं, आता बोलेल. तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "घराची किल्ली कुणाकडे आहे?"

मी शेजाऱ्यांचं नाव सांगितलं.

मंगळवारी तिचा फोन आला. ती नागपूरला येतेय. काकांनी स्वतःसकट तिकिटं काढली, पुढच्या शुक्रवारी निघतात. मैत्रीला शाळेची सुट्टी आहे म्हणून काकांनी तिलाही बरोबर घ्यायला लावलं. मावशीचं घर तरी बघू दे पोरीला, म्हणाले. आईला ते नको होतं. मला म्हणाली, "शेजाऱ्यांना कळव. आम्ही पोचायच्या आत तुझे भिंतीवरचे फोटो उतरवून ठेवायला सांग. माझ्या मांडीवरचा आहे तोपण. मैत्री फार प्रश्न विचारते."

मी म्हटलं, कळवते. हे ते कळवणं.

एका शब्दानं मी हे थांबवू शकते. फोन समोर आहे. उचलत नाही. काकांनी नोकरीतली रजा टाकून, बायकोच्या दुःखासाठी एवढे पैसे घातले, त्यांच्यापुढे कसं उभं राहायचं, माहीत नाही. मैत्रीचं मला वाईट वाटतं. तिचा यात काही दोष नाही आणि सगळ्यात जास्त लागेल तिलाच. तिला आल्याआल्या पाणी दे, तिकडचं ऊन तिला सोसायचं नाही. आईचं वाईट वाटत नाही. वाट बघितली, वाटेल म्हणून. वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची आहे. मी मेले असं तिनं इकडे सांगितलंय, हे तुला माहीत होतं का? तू तिला दर वर्षी मी पास झाल्याचं कळवायचीस आणि तिचं उत्तर यायचं नाही, तेव्हा तुला काय वाटायचं? माहीत असेल तर मला लिहू नकोस. नसेल तरच लिही.

तुझं बीपी मला आठवतं, म्हणून हे आधी पाठवतेय. नाहीतर पाठवलंही नसतं. एवढी मी वाईट झालेय.

सोमवारी सकाळी ती दाराशी येईल. तिनं शेजाऱ्यांकडे किल्ली मागायच्या आधी तू कडी काढ. नेहमीचंच लुगडं नेस. फोटो आहेत तिथंच राहू देत. मैत्री विचारेल ही मुलगी कोण, तेव्हा तू काही सांगू नकोस. आईकडे बघ, आणि तिलाच सांगू दे.

त्यानंतर तिला घरात ठेवायचं की नाही, ती तुझी बहीण आहे, तू ठरव. मी काही म्हणणार नाही.

जिला मी चारचौघांत मेली म्हणून सांगितलं, तिचीच मुलगी,

सुनेत्रा