रानेची खुशाली

बारकेजी, फेर्लो
१२ फेब्रुवारी १९७३

ती. ताक्को अक्कास,
धाकट्या येरोचा सलाम. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. गुडघे सोडले तर आई ठीक आहे. बाकी जमिनीवर गवताची काडी राहिलेली नाही. सरकारी बोअरला पाणी आहे, पण पाण्यापासून चाऱ्यापर्यंत दोन दिवसांची चाल झाली आहे. गाई पोटभर पितात, दोन दिवस जातात, आणि जे खाल्लं ते परत येताना चालण्यातच संपतं. आपल्या थोरल्या बैलाचं वशिंड तुला आठवत असेल, चालताना कसं डुलायचं. आता ते रिकाम्या पोत्यासारखं एका अंगाला पडलंय.

तेव्हा ठरवलं आहे. आई, मी, गाढव आणि सगळी पांढरी गुरं घेऊन तुझ्याकडे कोल्दाला यायचं. इथले लोक अडवतात. म्हणतात, गंबिया नदीपलीकडची माशी पांढऱ्या गाईंना खाते. मी त्यांना तुझी पत्रं वाचून दाखवली. आईने तुला लग्नात दिलेली राने आठ वर्षं तिकडे सुखात आहे, चार वासरं झाली, शेवटचं काळ्या कानाचं. मग सगळ्यांनी अडवणं सोडलं. राने जगते तर तिच्या बहिणी आणि भाच्याही जगतील. रक्त एकच आहे.

याया दाजींना सांग, आमची गुरं बघून दचकू नका, वशिंड असलेली गाय अशी दिसते. लग्नात त्यांच्या गाई मी शेळ्या समजलो होतो, त्याचा राग अजून आहे की गेला? आई म्हणते, मी आधी रानेला बघीन, मग ताक्कोला.

उत्तर लिंगेरच्या बाजारात कोलाच्या बिया विकणाऱ्याकडे दे. लोभ आहेच, तो पाऊस पडेपर्यंत आटू देऊ नकोस.

तुझा
येरो

सारे कंता, कोल्दा
३ मार्च १९७३

चि. येरोस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं. येऊ नकोस. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

माशी खरी आहे. ओढ्याकाठच्या झाडीत असते, करडी, आणि बसली की पंख कात्रीसारखे एकावर एक मिटते. चावल्यावर पहिले काही दिवस गाईला काही होत नाही, म्हणून माणूस फसतो. मग डोळ्यांतून पाणी येतं, अंगावरचा केस उभा राहतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, गाभण असली तर गाभ टाकते. शेवटी एक दिवस खाली बसते ती उठत नाही.

ती आमच्या गाईंनाही चावते. पण या तांबूस, बुटक्या, बिनवशिंडाच्या गाई पिढ्यान्‌पिढ्या तिचा चावा सोसत आल्या आहेत. आठ दिवस मलूल होतात आणि पुन्हा गवताला तोंड लावतात. दूध म्हणशील तर अर्धा भोपळा भरला तरी आम्ही खूश. आपल्या पांढऱ्या गाई उंच, दुधाच्या, पाण्यावाचून दिवसभर चालतील. पण या माशीपुढे त्यांचं काही चालत नाही. हेही तेच म्हणतात. तू नदीच्या तिकडच्याच काठाला, कुंगेलच्या बाजूला थांब. तिथे भुईमुगाचा पाला मिळतो म्हणे.

रानेचं वेगळं आहे. ती एकटी, घराजवळ असते.

आईचे गुडघे शेकत जा, आणि माझ्यावर रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी
ताक्को

बारकेजी
२० मार्च १९७३

ती. अक्कास सलाम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला त्यात दाजींचाच आवाज ऐकू आला. रानेचं वेगळं कसं? तुमच्याकडची माशी माणसांच्या घराला घाबरते काय? गवत पुरायचं नसेल तर तसं सरळ लिहायचं होतंस. आपण एका आईचं दूध प्यालोय, मला वाईट वाटलं नसतं. आता वाटतंय.

आई म्हणाली असं लिहू नकोस, ती परक्या घरात आहे, तिला तिची अडचण असेल. मी लिहितोच आहे.

या आठवड्यात बोअरजवळ दोन गाई बसल्या त्या बसल्याच. त्यांना मारायला कुठली माशी आली नव्हती. परवा पहाटे निघतो. यापुढे पत्र पाठवू नकोस, आम्ही वाटेवर असू.

राग धरूनही तुझाच
येरो

सारे कंता
१६ एप्रिल १९७३

चि. येरोस अ. आ.

हे पत्र यांच्या हातात देऊन यांनाच पाठवते आहे. ट्रक मिळेल तिथवर ट्रकने, पुढे पायी. तुम्ही नदी उतरलात की नाही, मला माहीत नाही. सापडाल तिथे हे वाच, आणि आईला वाचून दाखवू नकोस, एवढं माझं ऐक.

राने मेली, येरो. आता मरून सहा वर्षं झाली. दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या अंगावरचा केस उभा राहिला. दारातल्या झाडाखाली ती बसली, तेव्हा मी अकरा दिवस तिला हाताने चारलं आणि भोपळ्याने पाणी पाजलं. बाराव्या दिवशी तिने मान टाकली. चारही वासरं मी कागदावर जन्माला घातली. काळ्या कानाचंसुद्धा. तू दरवेळी विचारायचास, राने कशी आहे, आणि मी लिहायची, बरी आहे. का लिहायची ते मला विचारू नकोस, ते पत्रात मावणार नाही.

यांनी कधी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. उलट दरवेळी म्हणायचे की हे एक दिवस अंगाशी येईल. मागचं पत्र लिहितानाही म्हणाले, आता तरी सांग. माझा हात धजला नाही, आणि तू निघालास.

माघारी फिर. नदी उतरून इकडे आला असशील तर झाडीत मुक्काम करू नकोस, सावली कितीही गार असली तरी. उन्हात उभी कर गुरं, पण झाडीत नको.

तुझी अपराधी
ताक्को

गंबिया नदीचा उत्तर काठ
१२ मे १९७३

ती. अक्कास सलाम. वि. वि.

लिहायला हात होत नव्हता म्हणून उशीर. जसं घडलं तसं सांगतो.

नदी आम्ही गुलुम्बूजवळ उतरलो. पलीकडे काठाला हिरवं गवत आणि दाट सावली होती. वीस दिवस धूळ खाल्लेली गुरं तिथे अशी चरली की आईला रडू आलं. मी म्हणालो, इथे आठ दिवस राहू, अंगावर मांस चढू दे. झाडीतच राहिलो. कात्रीच्या पंखांच्या माश्या पाहिल्या आणि हाताने उडवल्या.

नवव्या दिवशी दाजी आले. पायांत चपला नव्हत्या, वाटेत तुटल्या म्हणाले. मी त्यांना बसाही म्हटलं नाही. आपलं गवत राखायला इतक्या लांब आलात का, असं सगळ्यांसमोर बोललो, आणखीही बोललो, ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग गुरांत शिरले, एकेकीच्या खांद्यापुढच्या गाठी सुजल्यात का ते चाचपलं आणि अकरा जणींच्या पाठीवर राखेचा पट्टा ओढला. म्हणाले, या गेल्या असं समज, बाकीच्या आज संध्याकाळच्या आत नदीपार ने. मग तुझं पत्र दिलं.

पत्र हातात घेऊन मी जसा उभा राहिलो ते बघून आईने ओळखलं. वाच म्हणाली. अक्का, तिच्यापुढे मला खोटं वाचता आलं नाही. तिने सगळं ऐकलं, आणि पुन्हा एकदा वाच म्हणाली. मला वाटलं रानेसाठी रडेल. ती उठली आणि गाढवावर बोचकं बांधायला लागली. म्हणाली, जिने गाईबद्दल सहा वर्षं खोटं लिहिलं, तिने स्वतःबद्दल काय काय लिहिलं असेल? मी लेकीला बघून येते, तू गुरं सांभाळ.

मी अडवलं, दाजींनीही माझ्यामार्फत अडवलं. तिने कुणाचं ऐकलं नाही. ते दोघं दक्षिणेला गेले, मी गुरं घेऊन उत्तरेला.

राखेचे पट्टे ओढलेल्या अकराही गेल्या. मग पट्टे नसलेल्याही जायला लागल्या, थोरला बैल त्यांतच गेला. गुरांचा आकडा सांगू नये म्हणतात, म्हणून लिहीत नाही; वासरांची दावण अर्धी रिकामी आहे. तुझ्यावर चिडायचं असतं तेव्हा मला दाजींचे उघडे पाय दिसतात आणि चीड कुठे ठेवावी कळत नाही.

आई पोचली का, एवढं लगेच कळव.

येरो

सारे कंता
३० मे १९७३

चि. येरोस अ. आ. वि. वि.

आई पोचली. गाढव तिच्यापेक्षा थकलं होतं. आपल्यात सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नसतं, ते त्या दोघांनी सहा दिवसांच्या वाटेवरही पाळलं. हे पुढे वीस पावलं चालायचे आणि झाडाखाली पाण्याचा भोपळा ठेवून पुढे व्हायचे. आई मागून येऊन प्यायची. आल्यावर मला म्हणाली, तुझा नवरा मुका नाही ना, नसेल तर चांगला आहे.

दोन दिवस तिने घर तपासलं. माझे दात बघितले, दंड दाबून बघितले, दोन्ही नातींना जवळ घेऊन मी ऐकणार नाही अशा बेताने काय काय विचारलं. बुटक्या गाईचं दूध स्वतः काढलं. एवढ्याशा दुधाला सड कशाला चार, म्हणाली; पण चाटून बघितल्यावर साय जाड आहे हे कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून विचारलं, आता बोल. मी सांगितलं. तुलाही सांगते. ज्या पावसाळ्यात राने गेली, त्याच पावसाळ्यात मला मुलगा झाला होता. बाबांचं नाव ठेवलं होतं, बिरान. तापाने गेला, चाळीस दिवसांचाही झाला नव्हता. पावसाने रस्ते बंद होते. जन्माचं पत्र जायच्या आतच तो गेलाही. रस्ते उघडले तेव्हा तुझं पत्र आलं, राने कशी आहे? गाय गेली असं लिहिलं असतं तर पाठोपाठ तेही लिहावं लागलं असतं. मी लिहिलं, बरी आहे. मग दरवर्षी तिला जगवत राहिले.

आई लगेच उठली. मला घेऊन त्याच्या कबरीकडे गेली, मातीवर हात ठेवून बसली आणि आपल्या लहानपणी म्हणायची तसं गाणं म्हणाली, सगळं, शेवटपर्यंत. येताना म्हणाली, माझा नातू होता आणि मला कुणी सांगितलं नाही. एवढंच. पण त्या दिवसापासून ती रोज सकाळी तिकडे जाऊन येते.

तुझ्या गाई माझ्या हातून गेल्या, येरो. रानेचं खरं लिहिलं असतं तर तू कुंगेललाच थांबला असतास. मी माफी मागायची पण कशी, हे मला येत नाही.

हे म्हणतात, एक तरणा वळू आणि दोन कालवडी बाजूला काढल्या आहेत. पांढऱ्या गाईंना हा वळू दाखवला की वासरू उंचीला मधलं, वशिंडाला जेमतेम, पण माशीला थोडं तरी तोंड देणारं निघतं. घेशील का, हे विचारायची यांना भीती वाटते. मीच विचारते आहे.

तुझी
ताक्को

कुंगेल
२५ जून १९७३

ती. अक्कास सलाम. वि. वि.

काल इथे पाऊस झाला. उरलेल्या गाई पावसात तोंड वर करून उभ्या होत्या.

तुझं पत्र घेऊन मी दिवसभर गुरांमागे फिरलो. गाई तुझ्या हातून गेल्या असं मी म्हणणार नाही. गेल्या नाहीत असंही म्हणत नाही, कारण आता आपण एकमेकांना खोटं लिहायचं नाही. दाजी सांगायला आले तेव्हाही मी त्यांना शिव्याच दिल्या, ते माझं मी केलं.

दाजींना सांग, वळू घेईन. माझ्या गाईंना त्याच्यापासून जे वासरू होईल ते बुटकं असलं तरी चालेल. आता हसायची पाळी त्यांची, मी ऐकून घेईन.

पाऊस संपला की मी येतो. एकटा येतो, बरोबर एकही जनावर नसेल. माझ्या हातचं खोगीर आईच्या गाढवासाठी आणतो आणि दाजींसाठी चपला. आल्याबरोबर मला चहापाण्याला बसवू नकोस. आधी मला बिरानकडे ने. वळू नंतर बघू.

येईपर्यंत माया राहू दे. राहीलच म्हणा.

तुझा भाऊ
येरो