उलट्या ‘ट’चे कुलूप

सोमवार, ३ नोव्हेंबर

सौभाग्यवतीचा फोन आज माझ्यापुढे उघडला नाही.

नळ दुरुस्त करणाऱ्याचा क्रमांक हवा होता, एवढेच. फोन नेहमीप्रमाणे फ्रीजवर होता. काचेवर अक्षरे आली — ‘बोट ठेवा’. ठेवले. ‘ओळख पटली नाही.’ पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभा असताना एका यंत्राने मला परका ठरविले.

ती हात पुसत आली. आपले बोट लावले, क्रमांक वाचून दाखविला. “अहो, आता सगळेच लॉक लावतात. तुम्हीपण लावून घ्या.” एवढे बोलून तिने फोन फ्रीजवर परत ठेवला नाही, सोबत घेऊन गेली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

घरात माणसे दोन. चिरंजीव वरच्या मजल्यावर, आपल्या बिऱ्हाडात. दोघांपैकी एकाने कुलूप लावले तर ते कोणासाठी, हे समजायला चौथीपेक्षा अधिक शिक्षण लागत नाही.

ही वही टेबलाच्या खणात असते. खणाला कडी नाही, कुलूप नाही. दुपारी मी झोपतो तेव्हा सारे घर मोकळे असते. तरी आजवर वहीला कोणाचा हात लागलेला नाही. याला म्हणतात वळण.

बुधवार, ५ नोव्हेंबर

विचारणार नाही. ज्याने कुलूप लावले त्याने आपण होऊन सांगावे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कन्येचा फोन आला. आईशी बोलणे गॅलरीत, दार लोटून, बराच वेळ. हसण्याचे आवाज आत येत होते. नंतर फोन माझ्या हाती.

“कसे आहात बाबा?”

“ठीक. तू?”

“बरी आहे.”

“बरं.”

“आईला द्या ना जरा.”

दिला. माझ्याशी तिचे बोलणे इतकेच असते. आईपाशी मात्र तिचे सारे जग असते. त्या जगात मला प्रवेश नाही, आणि आता तर त्याला बोटाचे कुलूपही लागले आहे.

रात्रीच्या जेवणाला बसताना सौभाग्यवतीने सांगितले की, कन्येने विमा कंपनीतील पक्की नोकरी सोडली असून सायकली दुरुस्त करण्याचे दुकान काढले आहे. दुकानावर पाटीसुद्धा लागली आहे म्हणे. म्हणजे मला कळेपर्यंत पाटी लागून गेली.

मी “बरं” म्हणालो.

“एवढंच? पोरगी विचारत होती, बाबा काय म्हणाले म्हणून.”

“सांग, बरं म्हणाले.”

“सांगते हो. केवढा आधार वाटेल तिला.”

माझे मत विचारून कोणी नोकरी सोडलेली नाही. सबब मत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. येथेसुद्धा नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

माझ्या फोनलाही कुलूप लावण्याचे ठरविले. चिरंजीवास खाली बोलाविले.

“बाबा, तुमच्या फोनमध्ये आहे काय लपवण्यासारखं?”

“हे तू आपल्या आईला विचारलेस काय?”

गप्प बसला. त्याच्या त्या गप्प बसण्यात काहीतरी आहे.

मग बोटाचा कार्यक्रम सुरू झाला. “टेकवा. उचला. टेकवा. बाबा, दाबू नका, दारावरची बेल नाहीये ती.” बोट धुतले, पुसले, फुंकरही घातली. दहाही बोटे झाली. एकही पसंत पडेना. शेवटी फोनच्या दुकानात नेले. दुकानदाराने माझा अंगठा दिव्याखाली धरून पाहिला.

“काका, रेषाच नाहीत हो. काम काय करत होतात?”

मी छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलायचे, ओळ जुळवायची, पान बांधायचे. उभी हयात त्यात गेली. लोकांचे ग्रंथ, लग्नपत्रिका, जाहीरनामे, जाहीर माफीनामे, सर्व या अंगठ्यातून पुढे गेले आणि जाताना थोडा थोडा अंगठा घेऊन गेले. शाळा चौथीत सुटली. परंतु शुद्ध भाषा मी त्या खिळ्यांपाशी शिकलो, हेही त्याला सांगितले.

“अच्छा. मग फेस लावू या,” तो म्हणाला.

तोंड दाखविले. डावीकडे वळविले, उजवीकडे वळविले, चष्मा काढून दाखविले, चष्मा लावून दाखविले. यंत्राची खात्री पटली. मला समाधान वाटत आहे तोच चिरंजीवाने फोन सहज हातात घेतला — आणि तो उघडला!

“नाक सेम आहे ना,” दुकानदार म्हणाला.

जे कुलूप मुलाच्या नाकाने उघडते त्याला कुलूप म्हणता येत नाही. रद्द केले. दुकानदाराच्या मते आता एकच मार्ग उरला आहे. काचेवर ठिपके येतात, ते आपल्या मनातील आकृतीप्रमाणे रेघेने जोडायचे. ती आकृती मी घरी एकांतात ठरवीन, असे त्याला सांगून निघालो.

रविवार, ९ नोव्हेंबर

आकृती ठरली, कुलूप लागले.

मी ‘ट’ हे अक्षर निवडले आहे. वरच्या रेघेवरून निघायचे, खाली उतरायचे, तळातून परत फिरायचे. ठिपक्यांमुळे गोलाईला कोपरे येतात, तथापि ‘ट’ तो ‘ट’च. हा खिळा फार कणखर असे. सहसा मोडत नसे. निवडीचे कारण एवढेच. कन्येच्या अखंड बडबडीमुळे लहानपणी मी तिला टिटवी म्हणत असे, त्याचा या निवडीशी काहीही संबंध नाही.

येथे नोंद केली ती केवळ शिस्त म्हणून. विसरण्याचा प्रश्न नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

फोन उघडत नाही.

‘ट’ काढतो. ‘नमुना चुकीचा आहे.’ सावकाश काढतो. ‘नमुना चुकीचा आहे.’ ‘ट’ चुकीचा कसा असेल? नंतर तर यंत्राने मला थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करण्यास सुचविले, जणू मी कचेरीतल्या खिडकीपुढे अर्ज घेऊन उभा आहे.

“आज फोन नाही बघत?” सौभाग्यवतीने विचारले.

“गरज नाही.”

“मग त्याच्याकडे एवढं रागानं का बघताय?”

फोन पालथा ठेवला. चिरंजीवाला सांगण्याचा प्रश्नच नाही. कालच त्याला अभिमानाने म्हणालो होतो की, आता हा फोन चोराच्या बापालाही उघडणार नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

उघडला. तिने उघडला!

मी खिडकीपाशी ‘ट’ काढीत बसलो होतो. मागून आली, माझ्या हातातून फोन घेतला, एक रेघ ओढली आणि उघडा फोन माझ्या हातात परत ठेवला.

“उलटा काढला होतात. खिळ्यावर असतो तसा.”

खिळ्यावर अक्षर उलटे असते, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटे उमटते. रविवारी कुलूप लावताना हात जुळाऱ्याचा होता. त्याने आपल्या सवयीने उलटा ‘ट’ काढला. सोमवारपासून मी वाचणाऱ्या माणसासारखा सुलटा काढीत बसलो. ही गोष्ट मला सुचायला हवी होती. ती तिला सुचली.

“परंतु ‘ट’ आहे, हे तुला कसे कळले?”

“दुसरं काय असणार?” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

इतकी वर्षे संसार केल्यावर बायकांना असे कळत असावे. तिच्या फोनमध्ये काय आहे, हे मात्र मला अजून कळत नाही. हा व्यवहार एकतर्फी आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

माझा फोन आतून नीट पाहिला. नळ दुरुस्त करणाऱ्याचा क्रमांक, गुडघ्याच्या व्यायामाची चित्रे आणि चिरंजीवाने पाठविलेला, दुधाच्या पिशव्या आणण्याविषयीचा निरोप. एवढ्यासाठी मी तोंड वेंगाडून दाखविले, अंगठा दिव्याखाली धरू दिला.

कुलूप काढणार नाही. लावले ते लावले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

विचारले.

सकाळी चहा घेताना. वाक्य आधीच मनात जुळवून ठेवले होते. “तुझ्या फोनमध्ये माझ्यापासून लपविण्यासारखे काय आहे?”

ती रागावेल, अशी माझी कल्पना होती. तिने कप खाली ठेवला. “एवढे दिवस लागले होय विचारायला? बोट द्या.”

दिले. यंत्राने घेतले नाही.

“मग तोंड दाखवा. जरा बऱ्या मुद्रेनं.”

“माझी हीच मुद्रा आहे.”

“हो, तेही खरंच. उद्या दुसरी केलीत तर ओळखायचं नाही ते.”

डावीकडे, उजवीकडे, सर्व यथासांग झाले. नंतर तिने पिशवी उचलली आणि फोन टेबलावर ठेवून ती बाजारात गेली. फोन घरी ठेवून ती कधी बाजारात जात नाही.

तोच दिवस. सुट्या कागदावर

हा मजकूर वहीत लिहिता येणार नाही. कारण पुढे येईल.

ती जिना उतरल्याची खात्री करून फोन तोंडासमोर धरला. उघडला. कन्येशी चाललेला निरोपांचा व्यवहार सर्वांत वर होता. त्यात मजकूर थोडा, छायाचित्रे फार. पहिले छायाचित्र मोठे केले. हस्ताक्षर ओळखीचे वाटले.

माझेच होते. या वहीचे पान! त्याच्या वर आदल्या दिवसाचे, त्याच्या वर त्याच्याही आधीचे. बोटाने सरकवीत राहिलो, संपेचना. या वहीच्या आधीची वही आली, तिच्याही आधीची आली. माझे गुडघे, माझे अपचन, चिरंजीवाशी झालेले वाद, सर्व काही कन्येच्या त्या दूरच्या शहरी वेळच्या वेळी पोहोचले होते. मी दुपारी झोपतो तेव्हा या घरात काय चालते, ते कळले. मंगळवारच्या ‘ट’चे रहस्यही कळले. चिरंजीव गप्प का बसला, तेही.

वहीला कोणाचा हात लागलेला नाही, या माझ्या वाक्याखाली कन्येने हसून डोळ्यांना पाणी आलेली पिवळी तोंडे ओळीने पाठविली आहेत.

संताप आला. दार उघडून जिन्यापर्यंत गेलो. परत आलो, बसलो, आणि तिने लिहिलेले वाचू लागलो.

मागल्या महिन्यातले: ‘आई, बाबांनी तुझा फोन हातात घेतला होता म्हणालीस. लॉक लाव आधी. त्यांना कळलं तर ते जपून लिहायला लागतील, आणि मग मला बाबा कुठे भेटणार?’

‘ट’च्या पानाखाली: ‘संबंध नाही म्हणे.’ आणि त्याखाली: ‘आई, फोटो जवळून काढत जा गं. अक्षर बारीक आहे, डोळे फुटतात.’

आणि सहा तारखेपासून पुढे रोज एक प्रश्न.

‘दुकानाबद्दल लिहिलं का काही?’

‘फक्त बरं म्हणालेत. मत देणार नाही म्हणतात.’

‘आज?’

‘नाही गं. फोनचंच चाललंय.’

‘आज?’

‘झोपू दे, बघते. नाही.’

‘ते रागावलेत का आई? खरं सांग.’

याला आईने उत्तर दिलेले नाही. तारीख कालची आहे.

फोन होता तसा टेबलावर ठेवला. ती आली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचीत होतो.

“पाहिलात?”

“वेळ मिळाला नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि भाजीची पिशवी घेऊन आत गेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज नव्या पेनाने लिहीत आहे. अक्षर थोडे मोठे येते.

कन्येने नोकरी सोडून सायकलींचे दुकान काढले, ते योग्य केले. लहान असताना तिने एकदा माझी सायकल सुटी करून पुन्हा जोडली होती. एकही नट उरला नव्हता. मी दाराआडून पाहत होतो. हे माझे खाजगी मत असून ते मी कोणालाही सांगितलेले नाही.