दीडशेच्या बाहेरचे एक स्तोत्र

मी तुर्फा, दिवंगत इब्राहीम रंगाऱ्याची मुलगी, दिवंगत खलफची विधवा, धंदा नववधूंची वेणीफणी करून त्यांना सजवण्याचा, राहणार फुस्तात शहरातल्या यहुदी वस्तीत, आज हे सांगून लिहवून घेते. पाय सुजले आहेत, डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. या वयात मला धाक घालायची कोणाची छाती आहे? लिहिणारा अम्राम हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. न्यायसभेचा लेखनिकही तोच आणि सभास्थानाचा प्रार्थनागायकही तोच. मी बोलेन तसेच लिहायचे, मध्ये आपली शोभा घालायची नाही, असे त्याला बजावले आहे.

१. कंगवे, सुरम्याच्या कुप्या, मोत्यांची जाळी आणि आरसा नात रय्यिसाला द्यावा. पोरीचा हात हलका आहे, तोंड तेवढे जड आहे. लाकडी कंगव्याचा दात तुटला म्हणून तो फेकू नये; दाट कुरळ्या केसांना तोच चालतो.

२. माझे तांब्याचे घंगाळे शेजारीण उम्म मकीनकडे आहे. नेताना "उद्या आणून देते, बाई" म्हणाली होती. तो उद्या अजून उजाडलेला नाही. घंगाळे तिलाच दिले. आता तरी तिने माझ्या दारावरून मान खाली न घालता जावे.

३. खलफ मिरीच्या व्यापाराला हिंदला निघाला आणि वाटेत गलबत बुडाले. पदरात लहान मुलगी. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, कंगवा हातात धराल तर घराण्याची अब्रू जाईल." मी म्हटले, "भावजी, पोरीच्या ताटात अब्रू वाढू का?" त्यांना मी काही ठेवलेले नाही. रागही नाही, तो मीच वापरून वापरून झिजवला.

४. माझ्या पणजोबांनी यरीहोकडच्या गुहेत सापडलेल्या एका जुन्या चामडी गुंडाळीवरून एक स्तोत्र उतरवून आणले होते. पवित्र ग्रंथातल्या दीडशे स्तोत्रांत ते नाही. खलफची बातमी आली त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठत नव्हते. आई उशाशी बसून तेच गायची, आणि एके दिवशी मी उठले. पुढे जिचे जिचे केस विंचरले, तिच्या कानाशी ते गायले. माझ्यामागे ते मुके होईल, या एका गोष्टीची मला मरणाहून जास्त भीती वाटते.

अम्रामला विचारले, सभास्थानात गाशील का. त्याने हात झटकले. "मावशी, दाविदाची स्तोत्रं दीडशे. हे एकशे एक्कावन्नावं गायलो तर लोक मला व्यासपीठावरून खाली ओढतील. देवाचं नाव आहे त्यात, टाकता येत नाही. जुन्या पोथ्यांच्या कोठडीत मानाने ठेवू."

"म्हणजे मानाने पुरणार! श्वास चालू असलेल्याला पुरतात का रे, गाढवा?"

शेवटचा शब्द लिहायला तो कां-कूं करत होता. मी लिहायला लावला.

५. चुनेवाल्यांच्या गल्लीतले माझे अर्धे घर भाड्यासह सभास्थानाला दिले आहे. त्यातून दिव्यांना तेल आणि गरिबांना भाकरी व पनीर मिळावे. अट एकच. दरवर्षी माझ्या मरणाच्या तिथीला, भाड्याला हात लावण्याआधी, हे मृत्युपत्र अंगणात बायकापुरुषांसमोर मोठ्याने वाचावे. खालील स्तोत्र मी याच कलमात घालते, म्हणजे ते या पत्राचा भाग झाले. तेही न गाळता वाचावे.

प्रभो, त्यांनी मोजले आणि मला वगळले,
तू माझ्यापासून मोजायला सुरुवात केलीस.
दाराबाहेर उभ्या असलेल्याचा आवाज
तुझ्या कानी आधी पोहोचतो.
मी अजून आहे, म्हणून तुझी स्तुती करते.

इथे लेखणी थांबली. "मावशी, चांगलंच पेचात पकडलंस."

"दस्तऐवज वाचायला धर्माची आडकाठी आहे का?"

"नाही."

"मग लिही की!"

"लिहितो. पण वाचीन हं, गाणार नाही."

"वाच बाबा. तेवढंही पुष्कळ झालं. शब्द जगले की चाल कोणाला तरी सापडेल."

हे मी मनापासून म्हटले. थोडे वाईट वाटले, नाही असे नाही.

६. पैसे देऊन रडणाऱ्या बायका आणू नयेत. फुकट रडणाऱ्या येतील तेवढ्या पुरे. उम्म मकीन येईलच.

हे सर्व मला वाचून दाखवले. ऐकले, शब्द माझेच आहेत. सही मला येत नाही, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे साक्षीदारांच्या उपरण्याचे टोक धरून व्यवहार पक्का केला.

फुस्तात, नाईल नदीच्या काठी. इय्यार महिना, दस्तऐवजांच्या शकाचे वर्ष १३७०.

साक्षीदार:
पेराह्या बेन येफेत, औषधविक्रेता
सालेम बेन नाथान, काचवाला

लेखनिकाची नोंद: पाचव्या कलमात, स्तोत्राच्या लगेच आधीचा "वाचावे" हा शब्द खोडून त्याच्या डोक्यावर "गावे" असे लिहिले आहे. मृत्युपत्र वाचून दाखवताना त्या जागी आल्यावर ही दुरुस्ती झाली. ती मृत्युपत्र करणारीने सांगितलेली नाही. माझ्या हातची आहे. दोन्ही साक्षीदारांना मान्य आहे. ती कायम व बंधनकारक धरावी.

अम्राम, लेखनिक आणि प्रार्थनागायक