झाडीचा झ

बाबा, तुमचा द मी सहा ठिकाणांहून उचलला आणि सहाही वेगळे निघाले. सिंदेवाहीच्या किराणा दुकानाच्या पाटीवरचा पोट सोडून बसलेला, तर जिवतीच्या शाळेच्या भिंतीवर 'दररोज शाळेत यावे' मधला उतारावरून निघाल्यासारखा पुढे झुकलेला. तुम्ही गेल्यावर बटर पेपर लावून मी तुम्ही रंगवलेल्या पाट्यांवरची अक्षरं पेन्सिलीने उतरवत फिरले, तेव्हा लोक विचारायचे, "बाई, सर्वे करून राह्यली का?" आपल्या झाडी भागातल्या आमच्या महिला गटाच्या पाकिटावर 'झाडीचा तांदूळ' हे नाव तुमच्या हातचं दिसावं, एवढाच माझा हट्ट होता. गडचिरोलीच्या डीटीपीवाल्या भाऊंनी सहाही द पाहिले आणि म्हणाले, "एकच ठेवा मॅडम, बाकीच्याईले सुट्टी द्या." कोणत्या द ला सुट्टी द्यायची, तुम्हीच सांगा.

जिवतीची ती भिंत. मी पाचवीत आहे, तुम्ही शिडीवर. अक्षरं आधी, वरची रेघ शेवटी, श्वास धरून एका दमात. नेमकं तेव्हाच मी खालून म्हणते, "बाबा, भूक लागली." रेघ हलते. तुम्ही खाली न बघता म्हणता, "रेघ वढतानी बोलू नोको. शब्द सांडते." तो उंचवटा 'शाळेत'च्या डोक्यावर अजून आहे. कॉम्प्युटरमध्ये ती रेघ एका दमात ओढताच येत नाही. प्रत्येक अक्षर आपला तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजारच्याला भिडतं. पहिल्या छपाईत सगळे सांधे दिसले. मग प्रत्येक तुकडा केसभर लांबवला, तेव्हा कुठे रेघ अखंड झाली. तुमचा श्वास मात्र त्यात कुठे बसवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि झ मिळालाच नाही. किराणा, दवाखाना, सायकल दुरुस्ती. झ लागेल असं तुमच्याकडून कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. शेवटी मीच काढला, तुमच्या बाकी अक्षरांकडे बघत बघत. आई सुपात तांदूळ निवडत होती, तिच्यापुढे नमुना ठेवला. तिला वाचता येत नाही, पण तुमचे ब्रश तिनेच रॉकेलमध्ये धुतले. तिने नावावरून बोट फिरवलं आणि पहिल्याच अक्षरावर परत आणलं.

"हे त्यायचं नाई."

"काऊन?"

"त्यायचा हात खाली आला का दमे. हे दमलंच नाई." मग हसली. "बापावानी वढाले अजून लय पाट्या लागतीन तुले."

दुसऱ्या दिवशी झ खालून बारीक करून पाहिला. दमल्याचं सोंग वाटलं, म्हणून होता तसाच ठेवला.

बाजारात गटातल्या बायका पाकीट दाखवून सांगतात, हे हिच्या बापाच्या हातचं हाय. मी मान डोलावते. हे पत्र बटर पेपरच्या गुंडाळीतच ठेवणार आहे, म्हणून लिहून टाकते: पाकीट हातात आलं की मी तुमच्या अक्षरांआधी माझा झ बघते.