औली का गुलमर्ग

गोविंदादादाले छायाचा औलीहून नमस्कार.

मी बरी हाये. हॉटेलच्या काउंटरपाशी दिवसभर हिटर असते, आईले सांग, काळजी करू नको. तिच्या गुडघ्याले तेल कोण लावते सध्या? मेहकरात थंडी पडली का?

तुहा मेसेज भेटला. तू आन् वहिनी बर्फावर घसरायले येऊन राह्यले, आन् मले पुसतं, औली बरी का गुलमर्ग. फोनवर बोलली असती तर तू कट केला असता, म्हणून लिहून राह्यली.

दिवाळीत मी आईले इथं बोलावलं, तवा तू काय म्हणाला? "बाबाचं वर्षश्राद्ध झाल्याबिगर आई घराबाहेर पडणार नाही." तिची भरलेली पिशवी तू सोताच्या हातानं रिकामी केली. ते वर्ष अजून व्हायचंच हाये, दादा. बाबा तुहे कोणी नव्हते का रे? दुखवटा एकट्या आईनंच पाळाचा?

तू गुलमर्गलेच जा. तिथं उतार लांब हाये, आन् मी नाही. इथली खोली मी आईच्या नावानं धरून ठेवली. सोमवारी मी तिले न्यायले येईन.

आन् हो, पाकिटावर नाव आईचं टाकलं. तुही छकुली आजीले आलेलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवते, हे मले माहीत हाये. तुह्या हातात हे येईन, तवा आईची पिशवी पुन्हा भरलेली असन.

आता तिले हात लावून दाखव.

तुही बहीण,
छाया